पाच फाटे

सहमला आमच्या शेतावर चितळं होती, असं सांगितलं की गावाकडची माणसं हसतात. ओमानात कसली चितळं? पण होती. मजीद अर्बाब म्हणजे आमचा मालक, त्याच्या वडिलांनी हौसेने कुठूनशी आणवली आणि खजुराच्या बागेमागे तारेच्या उंच कुंपणात सोडली. मी त्या शेताचा मुकादम. माझ्या बायकोचा, खुदेजाचा धाकटा भाऊ कासम, त्याला मीच गावाहून आणला, त्याच्या व्हिसासाठी मीच अर्बाबच्या पाया पडलो. आणि एका नराच्या शिंगापायी तो परत गेला. त्याला पुन्हा इथे आणायचं, एवढं एकच काम मी तीन वर्षं डोक्यात घेऊन बसलो होतो.

हिवाळा लागला की अर्बाबचे पाहुणे शिकारीला यायचे. कुंपणातल्या जनावराला मारण्यात कसली आलीय शिकार, पण आम्हाला विचारतो कोण. आधी तर दिसेल ते पाडायचे. एकदा मादी कापली तर पोटात ठिपके उमटलेलं पिल्लू निघालं. खुदेजाने त्या दिवशी चूल पेटवली नाही. मग अर्बाबने नियम केला. मादीला हात लावायचा नाही, आणि नर मारायचा तर त्याच्या दोन्ही शिंगांना तीन-तीन फाटे हवेत. सहाला एकही कमी चालणार नाही.

नियमाला मी नावं ठेवणार नाही. माद्या वाचल्या, कोवळे नर वाचले, दोन-तीन वर्षांत कुंपण भरून गेलं. पण जरा डोळे उघडून बघितलं असतं तर पुढचंही दिसलं असतं. चितळाची शिंगं गळतात आणि पुन्हा नवी येतात. ज्या वर्षी नराला तिसरा फाटा फुटायचा, त्याच हिवाळ्यात तो मरायचा. एक वाकड्या शिंगांचा नर होता, जन्मात दोन फाट्यांच्या पुढे गेला नाही. त्याच्याकडे कुणी बंदूक वळवली नाही, आणि कळपातली निम्मी पिल्लं त्याची झाली. चांगले निवडून मारायचे आणि मग जात बिघडली म्हणून आमच्यावर डाफरायचं. हे मी अर्बाबला सांगितलं होतं. तो म्हणाला, “तू पाणी सोडायचं बघ.”

आमच्याकडे एक रीत होती. दुर्बीण शेतावरच्या माणसाच्या गळ्यात असायची. त्याने फाटे मोजायचे आणि ‘यल्ला’ म्हणायचं, मगच पाहुण्याने गोळी झाडायची. चूक झाली तर यल्ला म्हणणाऱ्याची. पाहुण्याला कुणी बोलायचं नाही.

नव्याण्णवच्या हिवाळ्यात दुर्बीण कासमच्या गळ्यात होती. नर झाडाखाली उभा होता. मागची काटकी शिंगाच्या रेषेत आली आणि कासमला ती फाटा वाटली. तो यल्ला म्हणाला. जवळ जाऊन बघतो तर डावीकडे तीन, उजवीकडे दोन. पाच. अर्बाबने त्याच आठवड्यात त्याचा व्हिसा रद्द केला. मी हात जोडले, खुदेजा घरात जाऊन अर्बाबच्या आईपाशी रडली. उत्तर एकच, “मुस्तफा, कानून कानून है.”

तेव्हापासून कासम गावात दुसऱ्याच्या होडीवर जातो. त्याच्या घराच्या भिंती उभ्या आहेत, वर छप्पर नाही. खुदेजा दर ईदला म्हणायची, “आज अर्बाब खुशीत असेल, आज विचारून बघा.” मी विचारायचो. तो हसून मान हलवायचा आणि माझ्या ताटात मटण वाढायचा.

दोन हजार दोनच्या हिवाळ्यात सलील साहेब आले. पुण्याचे, मस्कतमध्ये अल् घुब्राला राहणारे, मोठ्या कंपनीत मॅनेजर. अर्बाबला आपले ट्रक त्यांच्या कंपनीत लावायचे होते, म्हणून ही खातिरदारी. मी रत्नागिरीकडचा म्हटल्यावर साहेबांनी पाठीवर थाप मारली. “अरे वा, म्हणजे आपलाच माणूस.” मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अर्बाब जीपपाशी थांबला. साहेब आणि मी बांधाच्या आडोशाला बसलो. समोर एक नर आला. तरणा, रुंद छातीचा. तसा नर कित्येक दिवसांत दिसला नव्हता. डावीकडे तीन फाटे. उजवीकडे दोनच, तिसरा अजून फुटायचा होता.

“थांबा साहेब,” मी म्हणालो. “हा नाही.”

त्यांनी बंदूक खांद्याला लावली होती.

“साहेब, थांबा म्हणतोय ना.”

गोळी सुटली. मी सुरा घेऊन धावलो. बिस्मिल्ला म्हणून गळ्यावर सुरा फिरेपर्यंत जीव राहिला पाहिजे, नाहीतर मांस आम्हाला हराम. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. एवढं देखणं जनावर, आता कुत्र्यांपुढे टाकायचं.

साहेब मागून आले. डोकं बघितलं आणि हळूच मराठीत म्हणाले, “मुस्तफा, तू यल्ला म्हणालास असं सांग. त्याच्यासमोर माझं बरं दिसणार नाही. तुला काय, जरा ओरडा बसेल.”

“माझ्या मेव्हण्याला ओरडा नाही बसला साहेब,” मी म्हणालो. “त्याला विमानात बसवलं.”

“अरे, आपल्या माणसासाठी एवढंही नाही करणार?”

तोवर जीप आली. अर्बाब उतरला, वाकला, बोटाने फाटे मोजले आणि माझ्याकडे बघितलं. नोकरी गेली तरी चालेल, पण दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन कासमसारखं परत जायचं नाही, असं मी ठरवलं. “अर्बाब, मी थांबा म्हणालो. दोनदा म्हणालो. साहेबांनी ऐकलं नाही.”

साहेब बुटावरची माती झटकत राहिले.

अर्बाबने साहेबांकडे बघितलं. मग मोठ्याने हसला आणि साहेबांच्या खांद्यावर हात टाकला. “कोई बात नहीं. आज से पाँच भी चलेगा. खलास.”

मला आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. “अर्बाब, कासमचेही पाचच होते.”

“वो पुरानी बात है.”

“तोच नियम, तेच पाच.”

“तब कानून छह था, मुस्तफा. आज पाँच है.” आणि मला म्हणाला, साहेबांसाठी डोकं कापून गाडीत ठेव.

मी गळ्यातली दुर्बीण काढून साहेबांच्या हातात दिली. “घ्या, आता तुम्हीच मोजा,” म्हणालो आणि चालू लागलो. मागून अर्बाबने हाक मारली. मी वळलो नाही. तो मला काढणार नव्हता हेही मला ठाऊक होतं. त्याच्या खजुरांना पाणी कोण सोडणार?

घरी येऊन सगळं सांगितलं. खुदेजा उभीच होती. तिने अर्बाबला, त्याच्या साहेबाला, त्याच्या ट्रकांना जे जे बोलून घेतलं ते इथे लिहिता येणार नाही. मग गावाला शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि कासम आल्यावर त्यालाही रडत रडत तेच सांगितलं. बोलता बोलता तिने फोन माझ्या हातात दिला.

“मुस्तफाभाय,” कासम म्हणत होता. आवाजात केवढा आनंद. “पाच चालतात आता? म्हणजे माझी चूक नाहीच ना राहिली. मग कधी येऊ मी? बॅग भरू?”

खुदेजा माझ्या तोंडाकडे बघत होती.

“नको भरू,” मी म्हणालो. “नियम पाहुण्यांसाठी बदललाय.”