पाठीवरचं नाव

मी एक जुना नंबर आहे, मित्रांनो. चार हजार एकशे सत्तावीस. गणिताच्या वहीतला नव्हे, अंगावर मिरवायचा. शर्यतीत धावणाऱ्यांच्या छातीवर चार पिनांनी जो कागद टाचतात ना, तो मी. शर्यतवाले मला बिब म्हणतात. बिब म्हणजे खरं तर तान्ह्या बाळाचं लाळेरं, त्यामुळे हे नाव मला कधीच आवडलं नाही. सध्या मी एका शिवणाच्या दुकानात, मशीनच्या वर, काचेच्या फ्रेममध्ये असतो. येणारी-जाणारी माणसं माझं तोंड बघतात. माझी पाठ कुणाला दिसत नाही, आणि सगळं दुखणं तिथंच आहे.

माझा जन्म छापखान्यातला. आम्ही पाच हजार भावंडं एकापाठोपाठ एक यंत्रातून बाहेर पडलो. आमचा कागद घामानं भिजला तरी फाटत नाही, याचा आम्हाला कोण तोरा! पुढं ठळक आकडा आणि पाठीवर बारीक अक्षरात तीन ओळी : तातडीच्या वेळी कोणाला कळवावं, त्यांचं नातं काय, फोन काय. धावणारा वाटेत कोसळला तरच आमची पाठ उलटून बघायची असते. एरवी तिला कोण विचारतो?

शर्यतीच्या आदल्या दिवशी एक उंचच उंच नर्स मला न्यायला आली. मैत्रिणी तिला लंबू म्हणायच्या. पाठीवरच्या पहिल्या ओळीपाशी तिचं पेन जे थांबलं, ते हलेचना. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी तिनं लिहिलं, 'सुई'. टेबलामागचा माणूस म्हणाला, "बाई, पिना पाकिटात आहेत. इथं माणसाचं नाव लिहायचं."

"माणूसच आहे," ती म्हणाली. "जरा टोचतं, एवढंच." मग नात्यापुढं तिनं लिहिलं, 'घरचीच'. फोन नंबर मात्र न बघता, एका दमात लिहिला.

ही सुई कोण, ते मला पुढं या दुकानात बसून कळलं. दुकान तिचंच. हात सोन्याचा आणि जीभ नावाप्रमाणे. सुई, लंबू आणि शाळेत शिकवणारी मास्तरीण, अशा तिघी जिवाभावाच्या मैत्रिणी. आठ वर्षं दर रविवारी सकाळी मास्तरणीच्या जेवणाच्या टेबलावर त्यांचा पसारा मांडलेला असे. दुकानातल्या चिंध्यांच्या उश्या, बाटल्यांचे दिवे, सुतळीची तोरणं, काय वाटेल ते. तिघींच्या घरात भिंतीचा रंग कुठला, हे सांगायची सोय उरली नव्हती. लंबू सासर सोडून एका पिशवीनिशी आली तेव्हा सुईनंच तिला घरात घेतलं होतं. तीन महिने दोघी एका खोलीत राहिल्या. एकदाही सुईनं 'का आलीस' म्हणून विचारलं नाही.

मग लंबूच्या डोक्यात धावायचं खूळ शिरलं. अर्धी मॅरेथॉन, एकवीस किलोमीटर. मोठ्या सरावाला रविवारच मिळायचा. मास्तरणीच्या नव्या घरासाठी तिघी मिळून भिंतभर कापडी चित्र करत होत्या; त्यातला लंबूचा तुकडा तीन रविवार तसाच पडून राहिला. चौथ्या रविवारी ती घामाघूम होऊन, दुपार व्हायला आली तेव्हा उगवली. सुई भरलेलीच होती. ती म्हणाली, "पळपुटी आहेस तू. अंगावर काही आलं की पळतेस."

सुई बोलली उशिरा आल्याबद्दल. लंबूनं ऐकलं सासर सोडल्याबद्दल. ती पाण्याला न शिवता उठून गेली. त्यानंतर सात आठवडे दोघींमध्ये शब्द नाही. पहिलं कोणी बोलायचं, यावर सगळं अडलं होतं. मध्ये मास्तरणीनं दोघींना समजावून पाहिलं आणि दोघींकडून बोलणी खाल्ली.

शर्यतीची सकाळ मी जन्मात विसरणार नाही. हजारो पावलं, बंद दुकानांपुढून वाहणारी ती गर्दी, आणि माझ्यामागे धडधडणारं तिचं काळीज. सोळाव्या किलोमीटरला तिच्या पोटरीत गोळा आला. ती खांबाला धरून उभी राहिली, डोळ्यांत पाणी आलं. मग "पळपुटी म्हणे," असं पुटपुटून लंगडत निघाली. उरलेली सगळी वाट ती मधूनमधून तो एकच शब्द म्हणत होती आणि हसत होती. पोचली हो शेवटी! माझी पाठ कुणाला उलटून बघावी लागली नाही. तेव्हा मला त्याचा केवढा आनंद झाला होता.

घरी आल्यावर तिनं मला स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला लावलं, शेजारी पदक. एकटी राहणारी माणसं बोलतात तशी ती माझ्याकडे बघून बोलली, "रविवारी जाते. आधी हे तिच्या गळ्यात घालते, मग भांडते."

रविवार उजाडलाच नाही. शुक्रवारी कामावरून येताना एका भरधाव गाडीनं तिला उडवलं. एकवीस किलोमीटर धावून आलेली बाई घरापासून चाळीस पावलांवर गेली. त्या दिवशी मी तिच्या छातीवर नव्हतो.

महिन्याभरानं तिच्या भावानं खोली आवरली आणि एक पिशवी मास्तरणीकडे आणून दिली. मी, पदक आणि बूट. पुन्हा एका रविवारी ते टेबल भरलं. खुर्च्या मात्र दोनच. सुई म्हणाली, याची फ्रेम मी करते, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. माझा जीव वर-खाली झाला. आता ही मला उचलणार, उलटं करणार!

पण मित्रांनो, सुईची एक रीत आहे. डिंक कागदाला लावायचा नाही, पुठ्ठ्याला लावायचा. कागदाला लावला की सुरकुत्या पडतात. ही रीत तिनंच बाकीच्या दोघींना शिकवली होती. तिनं पुठ्ठ्यावर डिंक एकसारखा पसरला, मला दोन कोपऱ्यांना धरून अलगद उचललं आणि सरळ खाली ठेवलं. एक सुरकुती पडली नाही. माझ्या पाठीवरचं तिचं नाव डिंकात बुडालं, आणि ती माझ्यावर तळहात फिरवत राहिली.

"शेवटचं काय बोलले मी तिला, तर पळपुटी," ती मास्तरणीला म्हणाली. "एकदा तरी माझी आठवण काढली असेल का गं तिनं?"

मास्तरीण म्हणाली, काढली असेल. पण नापास झालेल्या मुलाला आपण 'पुढच्या वेळी होशील' म्हणतो ना, त्या सुरात म्हणाली. सुईला ते कळलं. ती फ्रेमला खिळे ठोकायला लागली.

तेव्हापासून ती रोज सकाळी माझी काच पुसते आणि तोच प्रश्न मनाशी विचारते. ओठ हलतात, मला दिसतात. उत्तर माझ्या पाठीवर आहे, पण मला वाचा नाही.

गेल्या महिन्यात भिंतीला ओल आली आणि माझा एक कोपरा सुटला. नेमका तोच, ज्याच्यामागे तिचं नाव आहे. तिनं फ्रेम उतरवली, काच काढली, कोपरा चिमटीत धरला. आणखी बोटभर उचलला असता तरी पुरे होतं! तेवढ्यात दारातून कुणी तरी विचारलं, पँट झाली का? मान तिकडे वळवून ती म्हणाली, संध्याकाळी या. आणि बोलता बोलता तिनं डिंकाचं बोट कोपऱ्याखाली फिरवून अंगठ्यानं दाबून धरलं. बराच वेळ धरलं. मग मला हळूच म्हणाली, "आता कुठं जायचं नाही हं."

मित्रांनो, जगात लोक तोंडावर गोड बोलतात आणि पाठीमागे वाईट. या दोघींनी उलटं केलं. वाईट ते तोंडावर बोलल्या आणि चांगलं ते माझ्या पाठीवर राहिलं. तुम्ही असं करू नका. गेलेल्या माणसाची वस्तू हाती आली तर चिकटवण्याआधी एकदा उलटून बघा. आणि माणूस समोर आहे तोवर, 'घरचीच आहेस' हे त्याला ऐकू येईल असं सांगा. रविवारची वाट बघू नका.

माझं काय, मी आहे इथंच. कोपरा आता पक्का बसलाय. सुईच्या हातचं काम आहे, दुसऱ्यांदा सुटत नाही.