तळ्याकाठचे चौदा गवे

चांगुणाबाईंचा राग आधी कानांत चढायचा. कान तापले की वर्गातली पोरं मुकाट्यानं पाटी काढायची. त्या रविवारी कोल्हारच्या एस.टी. स्टँडसमोरच्या फोटो स्टुडिओत, पाकिटातला पहिलाच फोटो हातात धरून त्या उभ्या होत्या, आणि कान चांगलेच तापले होते.

फोटोत तळं होतं, तळ्यापलीकडचं गवत होतं. गवे नव्हते.

एकाहत्तरच्या दिवाळीत बाई चांद्याला बहिणीकडे गेल्या होत्या. मेहुणे तिथं कोळशाच्या खाणीत. त्यांनी हौसेनं सगळ्यांना ताडोबाच्या राष्ट्रीय उद्यानात नेलं. बाईंनी उभ्या जन्मात वाघ सोडा, धड जंगलही पाहिलं नव्हतं. भावानं दिलेला डबा कॅमेरा गळ्यात, आत बारा फोटोंचा रोळ. पलीकडच्या काठावर गवे चरताना दिसले तेव्हा बाईंनी आधी मोजले, चौदा भरले, आणि मग श्वास रोखून खटका दाबला.

परत आल्यावर चौथीच्या वर्गाला हे रंगवून सांगत होत्या, तर नेमके हेडमास्तर आप्पासाहेब दारात. "बाई, पोरांना भूगोल शिकवा, थापा नको," ते भर वर्गात म्हणाले. "एका जागी चौदा गवे! घोडेगावचा गुरांचा बाजार भरला होता का तिथं?" वर्ग पोट धरून हसला. सोमवारी फोटो फळ्यावर लावते, असं बाईंनी तिथल्या तिथं सांगून टाकलं. आता सोमवार उद्यावर आला होता.

"सहादेवभाऊ, इथं जनावरं होती. कुठं गेली?"

स्टुडिओचा मालक सहादेव पंधरा वर्षं आख्ख्या पंचक्रोशीचे फोटो काढत होता. त्यानं डोळ्याला भिंग लावून फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला.

"जनावरं हुती व्हय ती? मला वाटलं, रोळला बुरशी लागली. गवतात काळे डागच डाग. लई बारीक काम, बाई. निगेटिव्हवर पेन्सिलीनं एकेक भरून काढला. दोन दिस गेले. चौदा डाग हुते, चौदाच्या चौदा घालवले."

ज्या आकड्यापायी पोरांसमोर बाईंची टर उडाली, तोच आकडा हा बाबा छाती फुगवून सांगत होता, आणि तोही सगळा कळप पुसून टाकल्यावर. असल्या माणसावर ओरडावं तरी कसं?

"तुम्हाला सांगितलं कुणी साफ करायला?"

"सांगावं लागतंय व्हय? नवरीच्या गालावरचा वण, म्हाताऱ्याच्या डोळ्यातलं फूल, समदं मी न सांगता काढतो. आजवर एकानं तक्रार केली न्हाई."

ते मात्र खरं होतं. गावात कुणाच्याही भिंतीवर पाहा, फ्रेममधल्या माणसाला वण नाही, सुरकुती नाही. सगळे आपापल्या चुलतभावासारखे दिसायचे, आणि तरी लोक खूश होऊन फोटो घरी न्यायचे. या लाडानंच सहादेव शेफारला होता.

"निघतं का ते?"

"पेन्सिलच हाय. टर्पेंटाइननं निघंल. पर दोन दिसांची मेहनत..."

"काढा. माझ्यासमोर काढा."

सहादेवनं तोंड पाडून निगेटिव्ह काचेवर ठेवलं आणि कापसाचा बोळा भिजवला. करडी पेन्सिल बोळ्यावर उतरत गेली. बाईंनी त्याच्या हातातून भिंग घेतलं आणि ओठ हलवत मोजू लागल्या. बारा, तेरा, चौदा. एकही हरवला नव्हता.

"आता हा छापून द्या. मोठा."

"देतो." सहादेव दुखावला होता. "पर ह्यो तरी बघा की. पाकिटात तळाला हाय, तुमी बघितलाच न्हाई. ह्यात जीव वतलाय मी."

बहिणीनं काढलेला, तळ्याकाठी उभ्या असलेल्या बाईंचा फोटो होता तो. लुगडं त्यांचं होतं, पदर खोचायची पद्धत त्यांची होती. चेहरा गोरापान, कुण्या भलत्याच बाईचा.

"तुमचं लगीन व्हायचंय अजून," सहादेव हळूच म्हणाला. "उद्या स्थळ आलं, फोटू मागितला, तर काळ्या रंगावर अडायला नको. मी मायेनं केलं, बाई."

ती माया बाईंना सगळ्यात जास्त झोंबली. सव्वीस वर्षं त्या ह्याच काळ्या तोंडानं जगल्या होत्या, त्याच तोंडानं त्यांनी पोरांना पाढे शिकवले होते, आणि ह्या माणसानं कुणाला न विचारता ते टोकदार पेन्सिलीनं बुजवून टाकलं होतं.

त्यांनी पाकिटातून त्या फोटोचं निगेटिव्ह काढलं आणि काचेवर त्याच्यापुढं सरकवलं.

"मोजायला चुकलात, सहादेवभाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही पंधरा डाग काढलेत."

सहादेवनं एकदा निगेटिव्हकडं पाहिलं, एकदा बाईंकडं पाहिलं. मग मान खाली घालून त्यानं नवा बोळा भिजवला.