गुलाल न्हाय

"गुलाल हाय तो, गुलाल. डोळं फुटलं काय तुझं?"

अमरसिंहनं शर्ट हातातबी घेतला न्हाय. बुटाची नाडी बांधता बांधता नुसता लांबनं बघितला. जोतीरामनं शर्ट परत त्याच्या नाकासमोर धरला. शाळेचा पांढरा शर्ट. शाळा सोडल्यापासनं ट्रंकेत पडून होता. काल संध्याकाळी त्यानं तो सशाच्या पिंजऱ्यात अंथरला आन सकाळी त्याच्या मधोमध लाल डाग होते.

"गुलाल गुलाबी असतोय, दादा. ह्यो वाळल्यावर तपकिरी पडलाय. बघ की जरा."

"पाण्यात भिजला आसंल."

"शर्ट मी धुवून टाकला हुता. ससाबी पुसून घेतल्ता."

तालमीच्या कट्ट्यावरची पोरं हसली. एकजण म्हणाला, जोत्या शाळेला कधी धुतलेला शर्ट घालून गेला न्हाय आन आता सशासाठी धुतोय. जोतीराम त्याच्या अंगावर गेला. दोघं मधी पडले म्हणून तेवढ्यावरच भागलं.

ससा जोतीरामचा, पण मान तालमीचा. नाव वस्ताद, तालमीत शिकवणाऱ्याचं असतं तेच. आणला तेव्हा अगदी बारका होता. तालमीत मारुती हाय, बाईमाणूस उंबऱ्याच्या आत येत न्हाय, म्हणून बाजारात तेव्हा खास विचारून घेतल्तं. विकणाऱ्यानं मांडीवर हात मारून सांगितलं, पक्का नर. मग एकदा फुटबॉलच्या मॅचला पोरांनी त्याला खोक्यात घालून बाकाखाली ठेवलं आन पेठेची टीम जिंकली. दुसऱ्यांदा ठेवला, परत जिंकली. तवापासनं ससा न्हाय तर मॅच न्हाय. सेमीफायनल जिंकल्यावर सगळ्यांबरोबर त्याच्याबी अंगावर गुलाल पडला. म्हणूनच पांढऱ्या सशाचं बूड लाल दिसलं तरी कुणाला त्यात वावगं वाटलं न्हाय. कानावरचा गुलाल कवाच उडून गेल्ता. शेपटीखालचा मात्र रोज ताजा असायचा. हे एकट्या जोतीरामनं बघितल्तं.

"रविवारी फायनल हाय." अमरसिंह उठला. तो टीमचा कप्तान आन जोतीरामचा चुलतभाऊ. "तवर त्याला हात लावू नगंस. मॅच झाली की बघू."

"तवर मेला म्हंजे?"

जोतीरामनं शेजारचं सशाचं खोकं उचललं, सायकलच्या कॅरेजला दोरीनं आवळलं आन राजारामपुरीच्या जनावरांच्या दवाखान्याकडं सायकल मारली. मागनं कोणतरी वरडत होतं की फायनल घालवली तर पेठेत तोंड दाखवू नगंस.

दवाखान्यात तेजस्वी नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी शर्ट उजेडात धरला.

"सशाची लघवी कधीकधी अशीच लाल येते. रक्त नसतं, खाण्यातला रंग उतरतो."

"तुमीबी रंगच म्हणा." जोतीरामचा आवाज चढला. "सगळी पेठ रंगच म्हणत्या."

बाहेर बसलेल्या बाईनं मांजर छातीशी धरलं. डॉक्टर काय रागावल्या न्हाईत. म्हणूनच तपासते, म्हणाल्या. त्यांनी सशाच्या लघवीत पट्टी बुडवली, रंग बदलस्तोवर थांबल्या आन पट्टी त्याच्यापुढं धरली. रक्त होतं. मग पोटावर जेल लावून सोनोग्राफी केली. जोतीराम पडद्याकडं बघत होता. काळ्या-पांढऱ्या खळबळीत त्याला काय कळत नव्हतं, पण डॉक्टरांचा हात एकाच जागी परत परत यायला लागला, ते त्यानं हेरलं.

"तितंच हाय न्हवं काय तरी?"

"गाठ आहे. गर्भाशयात."

जोतीरामनं आधी सशाकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं.

"नर म्हणून कुणी सांगितलं तुला?" डॉक्टर म्हणाल्या. "मादी आहे ही. ह्या वयाला माद्यांना हे होतं. गर्भाशय काढून टाकलं तर वाचेल. शनिवारी करू."

रविवारी फायनल हाय, असं त्याच्या तोंडातनं निघालं. डॉक्टर म्हणाल्या, मॅचबिचचं मला माहीत नाही, पण रक्त रोज जातंय आणि रविवारनंतरची खात्री मी देणार नाही.

टेबलावर ती नेहमीसारखीच नाक हलवत बसल्ती.

"शनिवारीच करा," तो म्हणाला.

ऑपरेशनचं त्यानं तालमीत जाऊन सांगितलं. मादीचं सांगितलं न्हाय. अमरसिंहनं ऐकून घेतलं आन त्याच्याशी बोलणं बंद केलं. शनिवारी संध्याकाळी जोतीराम तिला घरी घेऊन आला. पोटावरची केसं काढलेली, टाके घातलेले. डॉक्टरांनी बजावल्तं, आता दोन गोष्टींवर सगळं आहे. तिनं स्वतः होऊन खाल्लं पाहिजे आणि लेंडी टाकली पाहिजे. पोट सुरू झालं नाही, तर ऑपरेशन करून उपयोग नाही. पहिली लेंडी पडली की घेऊन ये. मला बघायची आहे. रविवार असला तरी मी दवाखान्यातच आहे.

रविवारी सगळी पेठ मैदानावर गेली. जोतीरामनं खिडक्या लावल्या, आवाजानं ती दचकाय नगं म्हणून. फोनबी बंद केला. सिरिंजनं थोडं थोडं भरवलं, तर निम्मं तिच्या हनुवटीवरनं गळलं. वाळलं गवत पुढं केलं, तिनं तोंड फिरवलं. कोथिंबीर पुढं केली, ती नुसतीच पडून राहिली. एका जागी बसायची त्याला सवय न्हाय, वर्गातबी ह्याच्यापायीच भांडणं व्हायची. आज तो भिंतीला टेकून तसाच बसून राहिला. ऊन फरशीवरनं सरकत दारापतूर गेलं तेव्हा एक काडी हलली. मग हळूहळू आत ओढली जायला लागली. काडी संपली. तिनं दुसरी धरली.

लांबनं हलगी ऐकू आली. कुणाची ते कळंना. हलगी वळली आन पेठेतच शिरली.

दार ढकलून अमरसिंह आत आला. डोस्क्यापासनं बुटापतूर गुलाल. मूठ झाकलेली.

"जिकलो," तो म्हणाला. "दोन बोटं वस्तादला लावतो आन जातो."

"आदी हात धू."

अमरसिंह दारात तसाच थांबला. बाहेर पोरं त्याच्या नावानं वरडत होती. तो मोरीत गेला, मूठ सोडली, कोपरापतूर हात धुतले आन परत येऊन पिंजऱ्यापुढं उकिडवा बसला. टाके दिसले तसा त्याचा आवाज खाली आला.

"खरंच रक्त होतं व्हय रं?"

"व्हय."

"आन ह्यो वाचला."

"ह्यो न्हाय. ही."

अमरसिंहनं त्याच्याकडं बघितलं. मग तिच्याकडं. मग दाराकडं मान वळवून हळूच म्हणाला, "म्हंजे मारुतीच्या म्होरं... इतकी वर्सं?"

"व्हय."

"आन ही बाकाखाली असताना एक मॅच हारलो न्हाय आपण."

जोतीरामचं लक्ष नव्हतं. ती जराशी पुढं सरकली होती. तिच्या मागं, परत धुतलेल्या त्याच पांढऱ्या शर्टावर, एक बारकी गोल गोळी पडल्ती. कोरडी, तपकिरी. आजूबाजूला लाल काय नव्हतं. त्यानं ती उचलून तळहातावर धरली.

"पडली."

"काय पडलं?"

"लेंडी."

त्यानं ती कागदात गुंडाळून खिशात घातली आन कोथिंबिरीची जुडी अमरसिंहच्या वल्ल्या हातात दिली. बाहेर हलगी ऐन दारात आल्ती, कप्तानाला खांद्यावर घ्यायला पोरं दारावर थापा मारत होती. जोतीरामनं सायकलची किल्ली घेतली.

"हिच्यापाशी बस, दादा. एकेक काडी दे. आन त्यास्नी गप बसाय सांग. मला आता डॉक्टरांकडं जायाला पाहिजे."