हिरवा ठिपका

कॉलेजनं दुसऱ्याच वर्षी हाकललं, तेव्हापासून रूपेशचा पदवीवाल्यांवर राग. "कोड काय यांच्या बापजाद्यांचा हाय?" म्हणत तो मोबाइलवर बघून बघून शिकला आणि कडावच्या टेनिस बॉल स्पर्धेसाठी त्यानं लाइव्ह स्कोअरचं पेज केलं. साध्या पेजला दर वेळी विचारावं, तेव्हा ते सांगणार. रूपेशच्या पेजची सर्व्हरशी लाइन कायम उघडी. स्कोअररनं बॉल नोंदवला की सगळ्यांकडं आकडा आपोआप हलणार, बघणाऱ्यानं काही लिहिलं तर तेही लगेच सगळ्यांना दिसणार. लाइन जोडली की कोपऱ्यात हिरवा ठिपका. कमिटीला पटलं तर तालुक्यातल्या सगळ्या स्पर्धा त्याच्याच.

लाइन जिवंत आहे का, हे दोन्हीकडून मधूनमधून विचारत राहावं, असं सगळेच शिकवतात. रूपेशनं तेवढंच गाळलं. "सारखं 'हाय का, हाय का' विचाराया ती काय माझी बायको हाय?" बायको विनिता माहेरी भिवपुरीला होती. तिच्या 'अवो, हाय का?'ला तो उत्तर देत नसे.

फायनलला गडी टेंपोमागं लॅपटॉप उघडून बसला. टीममध्ये त्याची बॅटिंग अकरावी, त्यामुळं घाई नव्हती. जिंकायला दोन रन हवे असताना कॅप्टन सखा धावत आला.

"रूप्या, विकेट पडली रं! जा!"

"नाय पडली."

"अरं, दांडी उडली!"

"पेजवर नाय उडली. ठिपका हिरवा हाय बघ."

"घाल तो ठिपका चुलीत! ग्राऊंड तिकडं हाय!"

मान वळवली असती तरी पुरे होतं. पण स्वतःच्या पेजवर संशय घ्यायचा म्हणजे पदवीवाले जिंकले! लाइन कधीच मेली होती. ठिपका विझवायचं मात्र या शहाण्यानं कुठं लिहिलंच नव्हतं. तिकडं अंपायरनं वाट बघितली, घड्याळ बघितलं, बोट वर केलं. एकही बॉल न खेळता रूपेश आऊट, टीम ऑलआऊट, कप गेला.

"फुडल्या वर्षी फळा नि खडू आणू," कमिटीचे वाल्मिकशेठ माइकवरूनच बोलले.

रूपेशनं पेज नव्यानं उघडलं. तुंबलेलं सगळं धबाधबा आलं: 'रूप्या, बॅटिंग!', 'झोपला का?', 'उठवा रं त्याला!' सगळ्यात खाली विनिता: 'अवो, हाय का?'

त्यानं निमूट लिहिलं, 'हाय.'

उत्तर तत्काळ आलं.

'मंग खेळाया का नाय गेलात?'