कुणाचा नो?

आम्हा पोलिश लोकांच्या जिभेवर एक शब्द कायम बसलेला असतो: नो. त्याचा अर्थ 'हं', 'हो तर', 'मग काय', 'चल की'. इंग्रजांच्या 'नो'शी त्याचं काही देणंघेणं नाही, उलट अर्थानं पाहिलं तर तो त्याचा वैरीच. फ्लोरियन विल्चेकला हे अख्ख्या तुकडीत सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर पुढे जे झालं त्याला माफी नाही, असं त्याला वाटत राहिलं.

लढाईआधी तो ग्दीनियाच्या बंदरात जहाजांच्या कचेरीत कारकून होता. इंग्रज कप्तानांच्या शिव्या खाऊन खाऊन इंग्रजी शिकलेला. देश पडल्यावर रुमानिया, फ्रान्स अशी वणवण करत तो इंग्लंडात पोचला आणि बेचाळीस साली वेल्सच्या किनाऱ्यावरच्या पोलिश तुकडीत, एका बॉम्बर विमानावर वायरलेस सांभाळू लागला. काम एकच. दिवसाउजेडी बिस्केच्या समुद्रावर घिरट्या घालायच्या, जर्मन पाणबुडी दिसली की बॉम्ब टाकायचे, आणि त्याआधी जर्मन विमानांनी गाठलं तर मरायचं.

विमानात सहा जण. आमच्याकडे हुकूम वैमानिकाचा नसे, नकाशा पाहणाऱ्याचा असे. इंग्रजांना ही रीत शेवटपर्यंत कळली नाही. या विमानाचे मालक होते कॅप्टन ऑस्क्येर्को. विल्नोकडचे जमीनदार, पन्नाशीला टेकलेले, इंग्रजीचा एक शब्द तोंडाला लागू देणार नाहीत असा पण केलेले. चाकावर वैमानिक हिएरोनिम पाचूवा, अबोल आणि बैलासारखा कष्टाळू. त्याच्या मदतीला दुसरा वैमानिक, आणि विमानाच्या नाकातल्या बंदुकांवर एक गनर. शेपटीतल्या बंदुकांवरचा आपला माणूस कावीळ होऊन इस्पितळात पडला, म्हणून त्या जागी वरच्यांनी एक इंग्रज पाठवला. नॉर्मन प्रिडी, ब्रिस्टॉलचा दूधवाला. घरी बायको एडना आणि दुधाच्या गाडीचा घोडा, आणि दोघांची आठवण त्याला सारखीच येई.

पहिल्याच आठवड्यात, दारूच्या गुत्त्यात नॉर्मननं फ्लोरियनला विचारलं, आणखी एक बिअर? फ्लोरियन दमून गेला होता. 'नो,' तो म्हणाला, म्हणजे 'हो की'. नॉर्मन स्वतःपुरता एक पेला घेऊन आला आणि फ्लोरियन त्याच्या दुसऱ्या, रिकाम्या हाताकडे बघतच राहिला. अख्खं टेबल पोट धरून हसलं. कॅप्टन तेवढे हसले नाहीत.

"बिअरचं ठीक आहे," ते म्हणाले. "वर असलं काही झालं तर?"

"होणार नाही, कॅप्टनसाहेब. त्याच्या भाषेची जबाबदारी माझी."

आणि त्यानं खरंच मनावर घेतलं. वर असताना हो म्हणजे 'ताक' आणि नाही म्हणजे 'न्ये', तिसरा शब्द नाही, असा नियम त्यानं घातला. खाली, जेवणाच्या टेबलावरसुद्धा नॉर्मनसमोर जो कोणी 'नो' म्हणेल, त्याच्या कपाळावर नॉर्मननं चमचा मारायचा. नॉर्मन खिशात चमचा घेऊनच फिरू लागला. आंबट कोबी वाढून घेताना एकदा कॅप्टनच्याच तोंडून शब्द निसटला. कॅप्टननी मिशी पुसली, वाकून कपाळ पुढे केलं आणि चमचा खाल्ला. त्या दिवसापासून नॉर्मन आपला झाला.

सप्टेंबरात भलतंच एक प्रकरण घडलं. शेजारच्या तुकडीतल्या गनरनं दोन इंजिनांचं विमान पाहिलं, जर्मन समजून झोडपलं आणि ते निघालं इंग्रजांचं. दोन माणसं गेली. वरून सक्त हुकूम आला, की शेपटीच्या गनरनं आपल्या मनानं गोळी झाडायची नाही. विमानाच्या पाठीवर काचेचा घुमट असतो, तिथे उभा असलेला माणूस ओळख पटवून सांगेल तेव्हाच झाडायची. या विमानात घुमटाखाली फ्लोरियन उभा राही.

त्या मंगळवारी दुपारी दीडच्या सुमाराला ते ब्रेस्टच्या पश्चिमेला होते. आभाळ लख्ख. कॅप्टनना कानाचं दुखणं होतं, त्यामुळे नकाशावर रेघा मारताना ज्यातून सगळे एकमेकांशी बोलत तो कानावरचा टोप ते काढून ठेवत. त्या वेळीही तो टेबलावरच पडला होता. कानात नॉर्मनचा आवाज आला तो फ्लोरियनच्या, पाचूवाच्या आणि उरलेल्या दोघांच्या.

"फ्लॉरी, मागून दोन येताहेत. उन्हातून. दोन-दोन इंजिनं. मला नीट दिसेना."

फ्लोरियननं हाताचा आडोसा करून पाहिलं. तीन होती. पहिलं जरासं कलंडलं आणि पंखावरचा जर्मनांचा काळा क्रूस त्याला स्वच्छ दिसला.

"मारू का?" नॉर्मननं विचारलं.

"नो!" फ्लोरियन ओरडला. "नो, नो!"

मार की, मार की, वाट कसली बघतोस. हेच त्याला म्हणायचं होतं. जीव कंठाशी आला की माणूस आईच्या भाषेत बोलतो, आणि फ्लोरियनच्या आईनं त्याला 'ताक' शिकवण्याआधी 'नो' शिकवलं होतं.

शेपटीतून नॉर्मनचा आवाज आला, घाबरलेला नाही, नुसता घाईचा.

"कुणाचा नो? तुमचा का आमचा?"

फ्लोरियननं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तोफेचे गोळे आत शिरले. त्याच्या डोक्यावरचा घुमट फुटला, काचा गालात घुसल्या आणि कानावरच्या टोपाची तार तुटली. 'ताक! ताक!' असं तो बेंबीच्या देठापासून ओरडत राहिला, पण ते ऐकायला आता कुणी उरलं नव्हतं. दुसरा वैमानिक नेमका मागे यायला उठला होता. त्याला कमरेत गोळा लागला आणि त्याचे दोन तुकडे फ्लोरियनच्या पायाशी वेगवेगळे पडले. विमानाच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड पेटलं आणि आतले अल्युमिनियमचे गज उघडे पडले. नाकातल्या गनरच्या किंकाळ्या ऐकू आल्या आणि मग बंद झाल्या.

तेव्हा कुठे शेपटीतल्या चार बंदुका कडाडल्या. नॉर्मननं हुकमाची वाट बघणं सोडलं होतं. पहिलं जर्मन विमान इतकं जवळ होतं, की त्याच्या वैमानिकाचा चेहरा फुटताना फ्लोरियननं पाहिला. ते उलटं होऊन समुद्रात गेलं. दुसरं धूर सोडत वळलं, तिसरं त्याच्यामागे. मधे आठ सेकंद गेले होते. नॉर्मननं आठ सेकंद आधी सुरुवात केली असती, तर कदाचित सहाही जण चहाला घरी असते.

पाचूवाचा खालचा जबडा नव्हता. मान छातीवर, पुढे सगळं लाल, तरी त्यानं दोन्ही हातांनी चाक धरून विमान लाटांवर टेकवलं, दारात बैलगाडी उभी करावी तसं. कॅप्टननी त्याचा पट्टा सोडायला हात घातला तर तो आधीच गेला होता. तो विमानाबरोबरच खाली गेला.

रबरी होडीत तिघे आले. कॅप्टनचा डावा हात खांद्यापासून लोंबकळत होता. नॉर्मन शेपटीतून पोहत आला. त्याच्या पोटात लोखंडाचे तुकडे होते आणि तो दोन्ही हातांनी जखम दाबून बसला. फ्लोरियनच्या गालात काचा, बाकी अंगावर ओरखडा नाही. याची त्याला तेव्हापासूनच लाज वाटू लागली.

कॅप्टन नॉर्मनकडे एकटक बघत होते.

"याला विचार," ते म्हणाले, "याच्या बंदुका गप्प का होत्या?"

फ्लोरियननं विचारलं. विचारावंच लागलं.

नॉर्मन त्याच्याकडे आश्चर्यानं बघत राहिला. "तू नो म्हणालास, फ्लॉरी. मी विचारलं, कुणाचा. तू काही बोलला नाहीस. यांना सांग."

सांगायचं एवढंच होतं. दोन वाक्यं. पण पाचूवा, दुसरा वैमानिक, नाकातला गनर, तिघांची मढी त्या दोन वाक्यांत होती, आणि सांगताच ती फ्लोरियनच्या गळ्यात येऊन पडणार होती.

"बंदुका अडकल्या होत्या म्हणतो," तो पोलिशमध्ये म्हणाला.

"खोटं," कॅप्टन म्हणाले. "मग चारही एकदम कशा सुटल्या? हा बसून राहिला. पाचावर धारण बसली होती याची. पाचूवाचं तोंड पाहिलंस तू?"

त्यांच्या उजव्या हातात इशाऱ्याचं पितळी पिस्तूल होतं, एकाच गोळीचं पण वजनदार. गुडघ्यांवर सरकत जाऊन त्यांनी त्याचा दस्ता नॉर्मनच्या तोंडावर हाणला. दात पडले. दुसरा घाव कपाळावर, जिथे तो इतरांना चमचा मारत असे तिथेच. नॉर्मननं हात वर केले नाहीत, हात पोटावरून काढले तर आतलं बाहेर येईल हे त्याला कळत होतं. तो फ्लोरियनकडे बघत रक्ताच्या तोंडानं तेच म्हणत राहिला. "यांना सांग, फ्लॉरी. यांना सांग." तिसरा घाव कानशिलावर बसला तेव्हा फ्लोरियननं कॅप्टनचा हात धरला. हात धरला, पण तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी नॉर्मन मेला. लोखंडानं मेला की पितळेनं, हे फ्लोरियनला कधीच कळलं नाही. मरण्याआधी त्यानं एकदा विचारलं, "सांगितलंस ना?" आणि फ्लोरियन म्हणाला, "ताक." नॉर्मनला बरं वाटल्यासारखं दिसलं. त्याला पाण्यात सोडताना कॅप्टननी पाठ फिरवली. इंग्रजी प्रार्थना येत नव्हती म्हणून फ्लोरियननं पोलिशच म्हटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मासेमारीच्या एका बोटीला ते दिसले.

इस्पितळात दोघांच्या खाटा शेजारी होत्या. चौथ्या दिवशी जेवायच्या वेळी कॅप्टन गुडघ्यावर फळी घेऊन उजव्या हातानं अहवाल लिहीत बसले. डावा हात प्लास्टरमध्ये. लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं. शेपटीच्या गनरनं शत्रू समोर असताना भेकडपणा केला, त्यामुळे विमान आणि चार माणसं गेली. हा कागद इंग्रजांकडे जायचा होता. मग ब्रिस्टॉलला एडनाच्या दारात शेजारीपाजारी काय बोलतील, हे फ्लोरियनला इथे बसून ऐकू येत होतं. चार महिन्यांपूर्वी याच माणसानं नॉर्मनच्या चमच्याला कपाळ दिलं होतं.

"तुझी सही लागेल," कॅप्टन म्हणाले. "आठ सेकंद तो गप्प बसला. बरोबर?"

"नो," फ्लोरियन म्हणाला. हो, असं.

शब्द बाहेर पडला आणि त्याचा त्यालाच ऐकू आला. समोर सूपचा वाडगा होता. त्यानं त्यातला चमचा काढला, चादरीला पुसला, कॅप्टनच्या उजव्या हातात दिला आणि वाकून कपाळ पुढे केलं.

"हे काय?"

"मारा, कॅप्टनसाहेब. मी नो म्हणालो. आत्ता नाही, तिथे, वर. त्यानं विचारलं, मारू का, मी म्हणालो नो. दोनतीनदा म्हणालो. त्यानं विचारलं, कुणाचा नो, तुमचा का आमचा. मी उत्तर द्यायच्या आत गोळे आले. त्या आठ सेकंदांत तो माझ्या उत्तराची वाट बघत होता."

पलीकडे कोणाचा तरी पेला खाली पडून फुटला, परिचारिका येऊन काचा झाडून गेली. फ्लोरियन वाकलेलाच होता. चमचा काही येईना.

"मी मारत होतो," कॅप्टन सावकाश म्हणाले, "तेव्हा तो तुला सारखं काय म्हणत होता?"

आता मात्र फ्लोरियननं शब्दाला शब्द असं भाषांतर केलं.

"यांना सांग, म्हणत होता."

कॅप्टन आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी चमचा वाडग्यात ठेवला. दुसरा हात कामाचा नव्हता, म्हणून अहवालाचा कागद दातात धरून फाडला. कोरा कागद फळीवर घेतला आणि पेन्सिल उचलली.

"सांग," ते म्हणाले. "मी लिहितो. त्यानं विचारलं तिथपासून. आणि पिस्तूल गाळू नकोस."