आधी बोटं धुवा

शुक्रवारी सकाळी इथे आखातात, अबू हलीफातल्या एका फ्लॅटबाहेर चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत आला होता. आत व्हिजिट व्हिसावर आलेले नेत्रानंद महाराज करंगळीने डोळ्यात काजळ घालत, मंत्र पुटपुटत आणि पाच मिनिटांनी कापसाने राखाडी, बुळबुळीत जाळं ओढून काढत. “हे तुझ्या मागल्या सात जन्मांचं,” असं ते प्रत्येकाला सारख्याच गांभीर्याने सांगत. रांगेत मीही होतो, आणि मी वीस वर्षं हॉस्पिटलात लोकांचे डोळे तपासतो. चाळिशीचा नंबर वाढला होता, चष्म्यात म्हातारा दिसत होतो, आणि अक्कल चपलांबरोबर बाहेर काढून ठेवली होती.

माझं जाळं मी डबीत घालून प्रसादासारखं घरी आणलं. बायको विनिता नर्स आहे. तिने ते चहाच्या गाळणीत धरून नळाखाली धुतलं. काजळ गेलं आणि चिकट गोळ्यात दोन काळे दाणे उरले. मग फालुद्यासाठी आणलेला चिमूटभर सब्जा तिने बशीतल्या पाण्यात टाकला. थोड्या वेळाने बशीत तसलीच जाळी तयार झाली.

त्यावर तिने इथल्या मराठी मंडळाची स्मरणिका काढून माझाच लेख मला वाचून दाखवला. एकोणिसाव्या शतकातले नेत्रशल्यविशारद प्रोफेसर क्रेमनिट्झ: शिंप्याचा मुलगा, तीस वर्षं प्राध्यापक, जत्रेतल्या भोंदूंचा कर्दनकाळ. “डोळ्यातून काय निघालं ते नंतर बघा, आधी डोळ्यात काय गेलं ते बघा,” असं ते विद्यार्थ्यांना बजावत.

“स्मरणिका कुणी वाचत नाही हे ठाऊक होतं,” विनिता म्हणाली. “लिहिणाराही वाचत नाही हे आज कळलं.”

मी हसलो असतो, पण महाराजांकडून निघताना रांगेच्या शेवटी लवू दिसला होता. लवू देवगडचा सुतार, उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. पाच महिने थांबून त्याला रविवारची ऑपरेशनची तारीख मिळाली होती. मी सब्जाची पुडी घेऊन उलटा धावलो.

लवूचं जाळं निघालं होतं. आता ऑपरेशन नको, सगळं लख्ख दिसतं, असं तो आनंदाने सांगत होता. मी महाराजांना पुढच्या डोळ्याआधी बोटं धुवायची विनंती केली. श्रद्धेला साबण लागत नाही, असं ते म्हणाले. तेव्हा मी सगळ्यांसमोर वाटीत सब्जा भिजवला. लोक वाटीत बघत राहिले, आणि महाराजांना अचानक ध्यानाची वेळ आठवली.

मग मी लवूचा डावा डोळा तळव्याने झाकला आणि बोटं किती ते विचारलं. त्याने मान पुढे काढून डोळा ताणला.

“उजेड दिसता, बोटां नाय,” तो म्हणाला. “माका येवचाच नव्हता. तुमी रांगेत दिसलात. डोळ्यांच्या हॉस्पिटलातलो माणूस उभो हा, म्हणजे खराच असतला.”

मला फार लाज वाटली. महाराजांनी दोन दाणे वापरले होते, पण लवूला फसवलं ते मी.

रविवारी मी त्याच्याबरोबर गेलो. तो घाबरला होता, म्हणून त्याला त्या प्रोफेसरांची गोष्ट शेवटापर्यंत सांगितली. म्हातारपणी त्यांनाच मोतीबिंदू झाला, तेव्हा त्यांनी डोळा आपल्या विद्यार्थ्याच्या हाती दिला. पण आधी त्याला हात धुवायला लावले.

तेव्हा मंडळी, डोळ्याला हात लावणारा महाराज असो की माझ्यासारखा शिकलेला, आधी त्याला बोटं धुवायला सांगा. आणि तो धुतो की नाही, ते स्वतः उभं राहून बघा.