गुड्डीचे केस

गुड्डीच्या डोक्यात उवा झाल्यात हे घरच्यांच्या आधी शाळेतल्या बाईंनी पाहिलं. चौथीच्या वर्गात सगळ्यांसमोर त्यांनी तिला उठवलं, मागच्या भिंतीशी बसायला वेगळी पट्टी टाकून दिली आणि डोकं साफ होईपर्यंत तिथंच बसायला सांगितलं. मधल्या सुट्टीत खिचडीच्या पंगतीत कुणी तिच्याशेजारी बसेना. पोरं तिला 'उवावाली' म्हणू लागली. गुड्डीनं घरी काहीच सांगितलं नाही. तिची आई रुखमिणी हिला ते कळलं रेणूकडून.

रेणू म्हणजे थोरल्या जावेची, शकुनबाईची मुलगी. दोघी एकाच वर्गात, एकाच घरात, आणि रात्री झोपायच्याही एकाच खाटेवर, एका गोधडीत.

दिवस धानाच्या रोवणीचे होते. रुखमिणी दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, लावायची आणि घरी आली की हातपाय धुऊन गुड्डीला ओसरीत पुढ्यात घ्यायची. मांडीवर पांढरं फडकं पसरायची आणि फणी फिरवायची. गुड्डीचे केस दाट, कमरेपर्यंत आलेले. कानामागं आणि मानेवर लिखा बिलगलेल्या असायच्या, त्या नखानं एकेक ओढून काढाव्या लागत. आईची कंबर दुखायची, पोरीची मान अवघडायची.

"आई, झाल्या का वं?"

"होऊन राहिल्या. हालू नोको."

दोनचार दिवस डोकं साफ राहायचं. मग गुड्डी पुन्हा खाजवताना दिसायची.

गावच्या आशा कार्यकर्त्या ललिताबाई एकदा घरी आल्या तेव्हा रुखमिणीनं त्यांना विचारलं. त्यांनी एकोडीच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या औषधाचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "एकटीच्या डोक्याले लावून काय होते बाई? घरातल्या सगळ्या पोरी-बायांनी एकाच दिवशी लावा. आठ दिवसांनी आणखी एकडाव लावा. पहिल्या डावात लिखा मरत नाही."

रुखमिणी औषधाच्या बाटल्या घेऊन आली आणि शकुनबाईकडं गेली. त्या तांदूळ निवडत होत्या.

"रेणूच्या डोक्यात नाही काही," शकुनबाई वर न बघता म्हणाल्या.

"एकडाव मले पाहू द्या ना बाई. दोघी संगंच झोपतेत."

"मी पाह्यलं ना. नाही म्हटलं तं नाही." मग त्यांनी सूप खाली ठेवलं. "तू औषध आणलं हे गावात माहीत होते. उद्या शाळेतल्या बाई माह्या रेणूलेही भिंतीपाशी बसवतीन. तुह्या पोरीचं झालं ते झालं. माह्या पोरीचं कायले करतेस?"

रुखमिणीनं बाटल्या उचलल्या. आपण त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं, असं तिला वाटलं.

तिनं एकट्या गुड्डीला औषध लावलं, आठवडा झाल्यावर पुन्हा लावलं. गुड्डीला वेगळं झोपवलं, पण सकाळी दोघी गळ्यात हात घालून एकाच खाटेवर सापडायच्या. उवा परत आल्या. शाळेतली पट्टी भिंतीपाशीच राहिली. आता गुड्डी सकाळी पोट दुखतं म्हणायची आणि दप्तर भरायचीच नाही.

सासू सत्यभामाबाई हे सगळं बघत होत्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "औषध-बिषध राहू दे. सीताफळाच्या बिया वाटून लाव. एकही जित्ती राहत नाही."

मागच्या वर्षीच्या वाळलेल्या बिया घरात होत्या. रुखमिणीनं त्या पाट्यावर बारीक वाटल्या, खोबरेल तेलात कालवल्या आणि तो लेप गुड्डीच्या केसांच्या मुळांना चोळला. वरून फडकं बांधलं. "हात लावशील नोको," असं बजावून ती चुलीकडं गेली. दुपार उकाड्याची होती. गुड्डीला घाम आला, कपाळावरून लेप ओघळला आणि तिनं तो हातानं पुसला. मग त्याच हातानं डोळे चोळले.

ती ओरडली तशी रुखमिणी धावली. पोर जमिनीवर लोळत होती, डोळे घट्ट मिटलेले. रुखमिणीनं घागरीच्या घागरी पाणी ओतलं. सासूनं डोळ्यात दूध घालायला लावलं. नवरा ताराचंद शेतावरून आला तोवर दिवस कलला होता. "सकाळपर्यंत आग उतरते," असं सगळेच म्हणाले. सकाळी पापण्या टम्म सुजल्या होत्या आणि डाव्या डोळ्यातून पू येत होता.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून बॅटरीनं पाहिलं. उजवा डोळा बरा होईल म्हणाले. डाव्याच्या बुबुळावर जखम होऊन ती चिघळली होती. "कालच आणायला हवं होतं," एवढंच ते बोलले. ताराचंदनं मान खाली घातली. रुखमिणीला वाटत होतं, डॉक्टरांनी अजून काहीतरी बोलावं, तिला शिव्या द्याव्यात. ते पट्टी बांधत राहिले.

गुड्डी काही दिवस तिथंच भरती होती. घरी आली तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. दुसऱ्या दिवशी ताराचंद न्हाव्याला घेऊन आला.

"काहून आणलं यायले?" रुखमिणीनं बाहेर जाऊन हळूच विचारलं.

"मंग का करू? परत उवा होतीन, परत तू काही लावशील. एक डोळा तं गेलाच समज." त्याचा आवाज चढला नव्हता. "केस येतेत पुन्हा. डोळे येत नाही."

रुखमिणी आत गेली. तिनं गुड्डीला अंगणात आणून पाटावर बसवलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले. कात्रीचा आवाज ऐकून गुड्डी दचकली.

"किती कापून राहिले आई?"

"थोडेसेच. खालचे टोकं."

"वेणी होईन ना?"

"होईन ना."

गुड्डी शांत बसली. न्हावी कात्रीनं कापत वर वर गेला, मग त्यानं वस्तरा काढला. थंड पातं टाळूला लागलं तेव्हा पोरीला कळलं. तिनं हात सोडवायला एक झटका दिला. रुखमिणीनं ते घट्ट धरून ठेवले, कारण वस्तरा लागला असता. दुसरा झटका गुड्डीनं दिलाच नाही. काम झाल्यावर तिनं आपला हात डोक्यावरून पुढून मागपर्यंत फिरवला आणि मांडीवर ठेवून दिला. ती रडली नाही. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलेलं होतं.

पट्टी सुटली तेव्हा डाव्या डोळ्यावर पांढुरका डाग दिसत होता. त्या डोळ्यानं तिला धुक्यातून दिसल्यासारखं दिसायचं. ती शाळेत जायला तयार होईना, आणि आईनं काही सांगितलं की नुसती बघत राहायची. शेवटी पवनीहून तिचा मामा चंद्रकुमार आला आणि तिला घेऊन गेला. तिकडच्या शाळेत नाव घालायचं ठरलं. जाताना तिनं रेणूचा हात धरला, आजीच्या पाया पडली. आईजवळ आली नाही.

धान पोटरीवर येऊन लोंब्या धरू लागलं तेव्हा रेणूच्या मानेवर खाजवून खाजवून फोड आले. शकुनबाई तिला घेऊन रुखमिणीसमोर येऊन बसल्या. त्यांनी पोरीची वेणी सोडली.

रुखमिणीनं केस बाजूला करून पाहिलं. मग उरलेल्या बाटल्या काढल्या. त्या दिवशी घरातल्या सगळ्या जणींनी डोक्याला औषध लावलं, सासूनंही. गोधड्या उकळत्या पाण्यात घातल्या. आठ दिवसांनी पुन्हा लावलं. घरातल्या उवा गेल्या.

शकुनबाई रडल्या. "मले माफ कर," म्हणाल्या. रुखमिणी म्हणाली, "तुमचं काय बाई, बिया तं मीच वाटल्या."

धान कापून निघाल्यावर रुखमिणी एसटीनं पवनीला गेली. गुड्डी अंगणात मामीजवळ बसून वाल सोलत होती. केस बोटभर वाढले होते, मामीनं त्यात लाल पिन लावली होती. रुखमिणी तिच्यासमोर बसली. घरी कुणाच्याच डोक्यात आता काही नाही, हे तिनं सांगितलं. रेणू वाट बघते हेही सांगितलं.

"येतेस काय घरी?"

गुड्डीनं मान हलवली. नाही.

रुखमिणीनं तिच्या केसांवरून फिरवायला हात पुढं केला. गुड्डीनं डोकं मागं घेतलं. सवयीनं घ्यावं तसं, रागानं नाही. आणि पुन्हा वाल सोलू लागली. डाव्या बाजूच्या शेंगा तिला नीट दिसत नव्हत्या, ती त्या चाचपून उचलत होती.

मामीनं चहा आणला. रुखमिणीनं तो संपवला आणि शेवटच्या गाडीला उशीर होईल म्हणून उठली.